ओवा घातलेला उंडा

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की सगळ्यांचे आभार मानत सुटतात. मी आधी संशयाबद्दल लिहिणार आहे. मला लकवा झाला तेव्हा मी कोणावरच विश्वास ठेवला नाही. डॉक्टरवर नाही, पोरीवर नाही, बायकोवर तर नाहीच. त्याचा एकदा मोठा तोटा झाला आणि एकदा फायदा. ज्यांच्या घरी माझ्यासारखा माणूस खाटेवर आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून दोन्ही सांगतो.

संशय घेणं ही माझी खोड नव्हे, नोकरी होती. कोराडीच्या वीज केंद्रात मी तीस वर्षं कोळशाचे नमुने घेतले. ट्रकमध्ये वर चकचकीत कोळसा दिसला की तो थर बाजूला सारायचा आणि खाली हात घालायचा. बऱ्याचदा खालीही चांगलाच निघायचा. पण पाहिल्याशिवाय मी कधी सही केली नाही. निवृत्त झालो, मनीषनगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तरी दूध, भाजी, वर्तमानपत्रातली बातमी, सगळं मी उलटूनपालटून पाहतो. शकुन, म्हणजे माझी बायको, म्हणते की लग्नाच्या दिवशी मी अंतरपाटाखालून तिचे पाय पाहून घेतले होते. ते खरं आहे.

त्या सकाळी

चहाचा कप हातातून सुटला. मी शकुनवर ओरडलो, "कपाले तेल लागलं आहे! भांडे कोण घासते आपल्या घरी?"

ती फडकं घेऊन आली आणि माझ्याकडे पाहत राहिली. "अजी, तोंड काहून वाकडं करून राहिले?"

मला वाटलं, चिडवते आहे. बाथरूमच्या आरशात पाहिलं तर ओठाचा उजवा कोपरा खाली आला होता. त्या आरशावरही माझा भरवसा नव्हता. जुना आरसा, पारा उडालेला. हात अवघडलाय, कुशीवर झोपलो असेन, असं ठरवून मी अंघोळीला गेलो. तांब्या डाव्या हाताने उचलला. दोन तांबे घेतल्यावर स्टुलावर बसलो, ते उठवेनाच. बराच वेळ तसाच बसून राहिलो, पण हाक मारली नाही.

शेवटी पोरीने, पल्लवीने, दार ढकललं. ती ऑफिसला निघाली होती. म्हणाली, "बाबा, माझ्यामागं म्हणा. आज सोमवार आहे." मी म्हटलं. माझ्या कानाला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. पल्लवीचा चेहरा मात्र पांढरा पडला.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "हे कधीपासून सुरू झालं?" मी "आत्ताच" म्हणणार होतो. शकुन मधेच बोलली, "दोन घंटे झाले, डॉक्टरसाहेब. आंघोळ करून राहिले होते." डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं आणि नर्सला भराभर काहीतरी सांगितलं. लकव्यात एकेक मिनिट मोलाचं असतं, हे मला पुढे कळलं. ते घड्याळाकडे पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

हा तोटा. तोंड वाकडं झालं, हात ढिला पडला, जीभ जड झाली तर आरशाशी, बायकोशी हुज्जत घालू नका. अंघोळ राहू द्या. पहिलं वाहन पकडा.

सगळं छान आहे

दवाखान्यात पहाटेच उठवायचे. ताप, बीपी, मग "काका, दोन्ही हात वर करा." डावा वर जायचा. उजवा थोडा उचलायचा आणि चादरीवर पडायचा. नर्स म्हणायची, "छान!" मला त्यात छान काय ते कळेना. लघवीची नळी लावलेली, शकुन चमच्याने शिरा भरवतेय, तो उजव्या कोपऱ्यातून ओघळतोय, आणि जो येतो तो छान म्हणतो.

मेंदूचा फोटो काढला तेव्हा मी फिल्मवरचं नाव दाखवायला सांगितलं. जीभ जड होती, तीनदा सांगावं लागलं. नमुन्यांच्या अदलाबदलीची भीती माझ्या हाडात मुरलेली. नाव माझंच होतं. वयही बरोबर होतं. मला उगाच वाटून गेलं होतं की तो डाग दुसऱ्या कोणाचा असेल.

शेजारच्या खाटेवर उमरेडकडचे एक गृहस्थ होते. त्यांची माणसं रोज सांगायची, "बस, उद्या घरी जायचं." एका दुपारी त्यांची खाट ढकलत दुसरीकडे नेली. ते कुठे गेले, कसे आहेत, मी विचारलं. सगळे म्हणाले, "ठीक आहेत." त्यानंतर शकुन आणि पल्लवी दारापाशी हळू आवाजात बोलायला लागल्या की मी डोळे मिटून कान टवकारायचो. एकदा एवढंच ऐकू आलं, "त्यांले नको सांगू."

त्या तीन शब्दांनी माझं पुढचं सगळं आजारपण नासवलं. काय सांगायचं नव्हतं? मी ठरवून टाकलं की हात परत येणार नाही हे डॉक्टरने सांगितलं आहे आणि या दोघी ते झाकून ठेवताहेत. मला दुसरं काही नको होतं. हा हात माझा राहिला की गेला, एवढा खरा रिपोर्ट हवा होता. तो द्यायला कोणी तयार नव्हतं.

परात

घरी आल्यावर आठवड्यातून तीनदा ऋतुजा यायची. फिजिओथेरपीवाली, पल्लवीपेक्षा लहान. तिने एक हिरवा चिकट गोळा आणला, हातात दाबायला. मी तो हुंगला. रबरासारखा वास. म्हटलं, लेकरांच्या खेळण्याने माणूस बरा होतो का? दोन दिवस तो गोळा मी उशाखाली दाबून ठेवला आणि व्यायाम केला म्हणून सांगितलं. माझ्यासारख्या माणसाने फसवायला सुरुवात केली, यावरून माझी अवस्था समजा.

शकुनला ते कळलं. तिने ऋतुजाला विचारलं, "मॅडम, याच्या जागी कणिक चालते का? आमच्या घरी दोन वेळा लागते." ऋतुजा म्हणाली, "उत्तम. फक्त डावा हात मध्ये येऊ द्यायचा नाही."

इथे शकुनबद्दल सांगायला हवं. कोराडीच्या कॉलनीत कोणाकडे लांब रोटीचा बेत असला की कणकेसाठी शकुनला बोलावणं यायचं. ती रोटी पालथ्या मडक्यावर भाजतात, हातावरून कोपरापर्यंत लोंबवत न्यावी लागते. कणिक जरा कमी मळली तर तिथेच फाटते. शकुन ती परातीत आपटून आपटून अशी करायची की रुमालासारखी लोंबायची. तिचा एक नेम आहे. बिघडलेलं अन्न ती कोणाच्या ताटात वाढत नाही. भात करपला तर दुसरा लावते.

अशा बाईसमोर मी परात घेऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. तिने माझा डावा हात पल्लवीच्या ओढणीने पोटाशी बांधला.

"पाणी थोडं थोडं टाकते मी. तुम्ही फक्त गोळा करा."

उजवा हात मी पिठात ठेवला. ठेवला म्हणजे टाकला. बोटं मिटेनात. पीठ बोटांच्या बेचक्यांत शिरलं, त्यावर पाणी पडलं, आणि हाताला चिखलाचा मोजा चढला. दहा मिनिटांत परातीत गुठळ्या, काठावर कोरडं पीठ आणि माझ्या कपाळावर घाम. पल्लवी हसायला लागली. "बाबा, लहानपणी म्हणायचे न, कणिक तिंबीन तुझी? तिंबा आता."

"तू ऑफिसले जाय," मी म्हटलं. हसू मलाही आलं, पण वाकडं.

शकुनने शिकवलं ते असं. बोटांवर जोर नको. तळव्याचा मनगटाजवळचा जो उंचवटा आहे, त्याने ढकलायचं. खांदा पुढे न्यायचा, हात आपोआप जातो. मग पुढची कड ओढून आपल्यावर घडी घालायची, परात थोडी फिरवायची, परत ढकलायचं. ढकलणं मला आठवड्याभरात जमलं. ओढणं जमेना. ओढायला बोटं मिटावी लागतात. आणि ओढणी जरा सैल झाली की डावा हात गुपचूप परातीत यायचा.

"चोर आला," शकुन म्हणायची आणि गाठ घट्ट करायची.

रोज सकाळी मी मळलेल्या कणकेचा एक उंडा करायचो. वेडावाकडा, कुठे सैल, कुठे दगड. शकुन त्यावर ओलं फडकं झाकायची आणि परात आत न्यायची. दुपारी ताटात पोळी यायची.

पोळी मऊ असायची. पदर सुटलेली, टम्म फुगलेली.

"माझ्या कणकेची?" मी विचारायचो.

"मग कोणाच्या?" ती म्हणायची. "किती सुधारणा आहे पाहा."

मी पोळीची खालची बाजू पाहायचो. कोळशात माझा हात कधी चुकला नाही. त्या गुठळ्यांची ही पोळी होणं शक्य नव्हतं.

खूण

कोराडीत नमुन्याच्या पिशवीवर खूण टाकायचो, म्हणजे मधे कोणी बदलली तर कळावं. कणकेवर चिठ्ठी चिकटवता येत नाही. मी ओवा निवडला. आमच्या रोजच्या पोळीत ओवा पडत नाही, आणि पिठाच्या कोंड्यात तो दिसणार नाही, असा माझा हिशेब होता.

डब्यातून थोडा ओवा कागदात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवला. अडचण अशी की शकुन पिठाची परात आणायच्या आधी डावा हात बांधायची. ती पाण्याचा तांब्या आणायला वळली तेवढ्या वेळात उजव्या हातानेच काम उरकायला हवं. पहिल्या दिवशी खिशातच सांडला. दुसऱ्या दिवशी पुडी परातीत पडली, ती कशीबशी मांडीखाली ढकलली. चौथ्या दिवशी अंगठा आणि बोट एकमेकांना टेकले आणि पाच-सात दाणे धरले गेले. मी ते पिठात सोडले. चिमूट धरणं हा ऋतुजाच्या वहीतला पुढच्या महिन्याचा व्यायाम होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी कोणाला सांगितलं नसतं.

त्या दुपारी पोळी एकेक घास चावून खाल्ली. ओवा नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी चांगला चिमूटभर टाकला, तरीही नाही.

मला खूप राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. म्हणजे माझी कणिक रोज फेकली जात होती. म्हणजे सुधारणा वगैरे काही नव्हती, हात गेलेलाच होता, आणि या घरात मला लहान पोरासारखं खेळवत होते. ताटावरून उठून मी खोलीत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. लकव्यानंतर रडू लवकर येतं म्हणतात. मी त्या कारणाने रडलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाळत ठेवली. शकुन रोज सकाळी फाटकाशी येणाऱ्या गायीला डब्यातून काहीतरी घालायची. पक्कं झालं, माझा उंडा गायीच्या पोटात जातो. पण गॅलरीतून नीट दिसेना. इमारतीला लिफ्ट नाही, खाली जाऊन पाहायचं तर दोन जिने. घरी आल्यापासून मी एकही उतरलो नव्हतो. ऋतुजा दर वेळी म्हणायची, "काका, चार पायऱ्या तरी," आणि मी नाही म्हणायचो.

त्या सकाळी शकुन खाली गेली, तसा मी काठी घेऊन मागे निघालो. कठडा डाव्या हाताला होता, काठी उजव्या काखेत दाबली. आधी लंगडा पाय, मग चांगला. मधल्या वळणावर बसून घेतलं. खाली पोचलो तोवर शकुन केव्हाच इमारतीच्या मागच्या बाजूला नळ पाहायला गेली होती, आणि गाय आरामात खात उभी होती. मी वाकून पाहिलं. दुधीची सालं आणि कालची एक शिळी पोळी. पोळीचा तुकडा काठीने ओढून हुंगला. ओवा नव्हता. गायीने माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा परत ओढून घेतला.

वॉचमन धावत आला. "काकाजी, आप नीचे? अकेले?" त्याने इतका आरडाओरडा केला की शकुन पळत आली. मी खाली उतरलो म्हणून ती तिथे सगळ्यांसमोर डोळ्याला पदर लावून रडली. माझा संशय मात्र तसाच होता.

दाराआड

त्याच दुपारी माझं जेवण झाल्यावर मी झोपल्याचं सोंग घेतलं. पल्लवी ऑफिसात होती. थोड्या वेळाने काठी न टेकवता भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेलो.

शकुन ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. समोर ताट. त्यात तीन पोळ्या, जाड, कडा चिरलेल्या, मध्ये न भाजलेले पांढरे डाग. ती एक तुकडा तोडायची, दोन्ही हातांनी तोडावा लागायचा, तो वरणात बुडवून ठेवायची, आणि मऊ झाला की डाव्या दाढेने चावायची. तिची उजवी दाढ किती दिवसांपासून दुखते. दवाखान्याच्या धावपळीत ती दाखवायची राहून गेली होती.

ओव्याचा वास दारापर्यंत येत होता.

मी तिथून परत फिरलो. खाटेवर बसलो. तीस वर्षं ढिगाखाली हात घातला, खाली इतकं चांगलं काही निघेल अशी तयारी माझ्याकडे नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. तरी एक गोष्ट मनात राहिलीच. हात अजून वाईट होता. तिने खोटंच सांगितलं होतं. ताटात येते ती पोळी तिच्या कणकेची होती, आणि माझ्या हाताचा खरा रिपोर्ट ती रोज दाराआड बसून एकटीच चावत होती.

मी तिला काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने दुसऱ्या दिवसापासून ते बंद केलं असतं, आणि खरं कळायचा एकुलता एक मार्ग गेला असता. ओवा मात्र टाकत राहिलो.

आणि मळायला लागलो. आधी मी मळण्याचं नाटक करत होतो हे मला तेव्हा कळलं. आता रोज तिचा दाढ धरून चावणारा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. ओढणी सैल झाली तर मीच सांगायचो, "शकुन, चोर बांध वं." ढकलणं, ओढणं, घडी, परात फिरवणं. उंडा परातीला चिकटायचा थांबला. मग हाताला चिकटायचा थांबला. बोट दाबलं की खळगा भरून वर यायला लागला. शकुन कधी चिमटीत धरून पाहायची आणि फडकं झाकायची. पूर्वी ती "किती सुधारणा" म्हणायची, ते तिने बंद केलं होतं. मला तेही संशयास्पद वाटलं.

एकदा तिला विचारून टाकलं, "दवाखान्यात तू पल्लवीले म्हणून राहिली होती, त्यांले नको सांगू. काय होतं ते?"

ती गोंधळली. मग आठवलं. "बाजूच्या खाटेवरचे गेले न, ते. तुम्ही घाबरले असते."

एवढंच होतं. मी ते शेजाऱ्याचं मरण दोन महिने माझ्या हाताचं समजून बसलो होतो.

रविवार

रविवारी पल्लवीही घरी होती. वांग्याची भाजी, वरण, पोळी. मी डाव्या हातातला चमचा भाजीत घातला, पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि दाताखाली काहीतरी कचकन फुटलं. तिखट, गरम वास नाकात चढला.

मी चावायचा थांबलो. पल्लवीकडे पाहिलं, ती मोबाइल पाहत जेवत होती. तिच्या पोळीत ओव्याचे ठिपके दिसत होते. शकुन पाठमोरी तव्याशी उभी.

"शकुन, ही कोणत्या उंड्याची?"

"आज एकच उंडा आहे घरात."

"पोरीलेही हीच वाढली?"

"मग काय तिच्यासाठी हॉटेलातून आणू?" ती वळली. हातात उलथनं होतं. "अन् उद्यापासून तो ओवा बंद करा बापा. दोन महिन्यांपासून ओवा खाऊन खाऊन जीभ पोळली माझी. ओव्याचा वास काय लपते का? पहिल्याच दिवशी समजलं मले."

पल्लवीने मोबाइल खाली ठेवला. "कोणता ओवा? काय चाललं आहे तुम्हा दोघांचं?"

मला खूप काही म्हणायचं होतं. तुझी दाढ उद्या दाखवून येऊ, एवढंच तोंडातून निघालं. शकुन म्हणाली, "आधी जेवा."

माझे डोळे भरले होते आणि ते लपवायला काहीतरी करणं भाग होतं. मी नेहमीसारखी पोळी उलटून तिची खालची बाजू पाहिली. सारखी भाजलेली, कुठे कच्चा डाग नाही.

"पाह्यली खालून?" शकुन म्हणाली. "झालं समाधान? आता हे पाहा, उलटली कोणत्या हातानं."

मी खाली पाहिलं. चमचा डाव्या हातात तसाच होता, आणि पोळीची कड उजव्या हाताच्या चिमटीत.